स्वर्गात नळ कितव्या दिवशी येतो?

बंधूंनो आणि विशेषतः भगिनींनो, वरील, म्हणजे स्वर्गातल्या, गोष्टींकडे मन लावायचं आहे ना? मग पहिलं पथ्य हे, की नळ आला तरी जागचं हलायचं नाही.

मागच्या रविवारी आमच्या गल्लीत नवव्या दिवशी नळ आला. सकाळी साडेनऊला. जालन्यात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. चर्चची उपासना दहाची, त्यात प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीचा, रविवार. खरी आत्मिक बाई असती तर कोरड्या ड्रमकडं प्रेमानं बघून, पांढरी साडी नेसून, पावणेदहालाच बाकावर जाऊन बसली असती. मी पडले जगिक. पदर खोचला, मोटर लावली, प्यायचं वेगळं, धुण्याचं वेगळं, सासूबाईंच्या अंघोळीचं वेगळं भरलं आणि शास्त्रवाचन चालू असताना मागच्या दारानं आत शिरले. हात गुंतलेले, त्यामुळं ‘जय ख्रिस्त’सुद्धा नुसत्या मानेनं केलं.

दाराशी कमिटीवरचे एक काका उभे होते. चार बाकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, “मार्था, मार्था!” बाक हसले. बायबलात घरकामात बुडालेली ती मार्था, आणि प्रभूच्या पायाशी बसून ऐकणारी ती तिची बहीण मरीया.

म्हणून दुसरं पथ्य : बोअर असलेल्या घरातच जन्म घ्या. बोअरला पाणी असलं की मरीया होणं फार सोपं जातं.

तिसरं, उपासनेत फोन बंद करू नका. रिंगटोन भक्तिगीताची ठेवली की तो व्यत्यय धरत नाहीत. पाळकसाहेबांचा संदेश, म्हणजे प्रवचन, बायबलातल्या पौलाच्या कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायावर होता आणि ऐन रंगात आला असताना काकांचा फोन गाऊ लागला. काका उठले, व्हरांड्यात गेले. खिडकी उघडीच होती. समृद्धीच्या इंटरचेंजपासून किती लांब, एनए झालंय का, कोपऱ्याचा प्लॉट अजून आहे का, सगळं आम्हाला कळलं. आत पाळकसाहेब म्हणत होते, “वरील गोष्टींकडे मन लावा.” बाहेर काका विचारत होते, “वरचे किती द्यावे लागतील?” तेव्हा काकांचं मन वरच्याच गोष्टींत होतं, उगाच आरोप करू नये.

पहाटे पाचला बारा ग्रुपवर वचन टाका. वाचायची गरज नाही, फुलांचं चित्र पुरतं.

कापणीच्या सणाला लिलावात एका भोपळ्याला दोन हजार बोला, पण नाव वाचून दाखवणार असतील तरच.

आणि जमिनीचं कुणी काढलंच तर म्हणा, “रेव्हरंड नारायण शेषाद्रींनीही जमीनच घेतली होती की!” हे काकांचं आवडतं वाक्य. घेतली होती, खरंय. 1843 साली बाप्तिस्मा घेतलेला तो माणूस पुढं जालन्यात आला, निजामाच्या राज्यात जमीन मिळवली आणि बेथेल नावाची वस्ती वसवली. ते ख्रिस्ती झालेल्यांना डोक्यावर छप्पर आणि हाताला काम मिळावं म्हणून. स्क्वेअर फुटानं विकायला नाही. पोटापाण्याचा विचार जगिक असता तर बेथेल उभंच राहिलं नसतं.

मार्थाचं तर बोलूच नका. प्रभूनं तिला टोकलं, मान्य. पण तो तिच्याच घरी पाहुणा होता, तिची तगमग त्याला दिसत होती, आणि तो हसला नव्हता. त्यानं टोकलं म्हणून दोन हजार वर्षं प्रत्येक काकानं टोकायचं, असं कुठं लिहिलंय? काका लूकच्या दहाव्या अध्यायावर थांबतात. योहानाचा अकरावा काढा. भाऊ लाजर मेलाय, मरीया घरात बसून आहे आणि उठून वाटेवर प्रभूला सामोरी गेली ती हीच मार्था. ‘तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस’ ही कबुली दिली ती हिनंच. चुलीपाशी उभी राहणारी बाई! आणि ज्या पौलानं ‘वरील गोष्टी’ लिहिल्या, तो करिंथात राहुट्या करून पोट भरत होता. त्याच तिसऱ्या अध्यायात तो वरून जो खाली उतरतो तो थेट नवरा-बायको, लेकरं, मालक-चाकर यांच्यापर्यंत येतो. करुणा आणि सौम्यताही तिथंच आहेत. तेवढं ऐकायला मात्र काका व्हरांड्यात होते. भर दुपारी विहिरीवर शोमरोनी बाईकडं प्रभूनं काय मागितलं होतं? पाणी. ‘घागर सोडून आधी उपासनेला जा’ म्हणाला नाही.

काका, कुणीतरी हे ग्रुपवर टाकेल आणि तुम्ही वाचाल, म्हणून सरळच विचारते. तुमच्या घरचं पाणी कोण भरतं? बोअर आटला त्या उन्हाळ्यात टँकरमागं घागरी घेऊन कोण पळत होतं? काकूच ना? तेव्हा दारात उभं राहून ‘मार्था, मार्था’ म्हणालात का? की अंघोळीचं पाणी निघालं का, एवढंच विचारलंत? स्वर्गाच्या गप्पा तुम्ही मारायच्या आणि धुतलेला सदरा आम्ही हातात द्यायचा. लाज वाटायला पाहिजे. घड्याळ बघून बाईचा विश्वास मोजता आणि स्वतः संदेशातून उठून प्लॉटची घासाघीस करता!

आणि त्या दिवशी चर्चचा नळही कोरडाच होता. प्रभुभोजनाचे पेले उपासनेनंतर धुतले ते मी घरून नेलेल्या पाण्यानं. तुम्ही दारात मला अडवलंत तेव्हा तो कॅन माझ्या हातात होता. वीस लिटरचा होता, काका. निदान दार तरी धरायचं.