नोटाला जास्त मतं पडली तरी लोकसभेची निवडणूक रद्द होत नाही

मंडळी, खानापूर निपाणीकडच्या ग्रुपांवर परत तो मेसेज फिरायलाय, दिल्लीतलं सरकार बदलायचं असेल तर सगळ्यांनी नोटा, म्हणजे ‘यातला कुणीच नको’चं बटण दाबा, नोटाला जास्त मतं पडली की निवडणूक रद्द आणि ते सगळे उमेदवार बाद. राग समजतो, पण नियम तसा नाही.

सुप्रीम कोर्टाच्या 2013 च्या निकालानंतर मशीनवर सगळ्यात खाली नोटाचं बटण आलं, फुलीचं चिन्ह असलेलं. लोकसभा-विधानसभेत ती मतं मोजतात, जाहीर करतात, पण निवडून येतो तो उमेदवारांत ज्याला जास्त मतं तोच. 2024 ला इंदूरमध्ये नोटाला 2 लाखांवर मतं पडली, दुसरा नंबर, तरी खासदार झालाच की. आणि नोटा पहिला आला असता तरी झालाच असता.

घोळ बहुतेक इथं झालाय: महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं 2018 ला तिथल्या पालिका वगैरेंसाठी, नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यायची, असा आदेश काढला होता, आणि आपल्याकडं निम्मे फॉरवर्ड कोल्हापूरच्या पाहुण्यांकडनंच येतात, पण तो आदेश आपल्या बेळगावच्या लोकसभेला लागू नाही.

नोटा दाबायचा तर खुशाल दाबा, हक्क आहे. तो मेसेज मात्र पुढं ढकलू नका, आणि ज्यानं पाठवला त्यालाच हे पाठवा.