आधी घरं, मग सोयी?

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहराजवळच्या माउंट बार्कर या गावाबद्दल 'घरं वाढली की सोयी मागोमाग येतात' हे एका लेखातलं म्हणणं पटलं नाही. 2010 मध्ये साउथ ऑस्ट्रेलिया सरकारने तिथली सुमारे 1300 हेक्टर शेतजमीन, गावकऱ्यांचा कडाडून विरोध असताना, घरबांधणीसाठी खुली केली. आजही ॲडलेडला नोकरीला जायला रेल्वे नाही. स्टेशन आहे, पण तिथून सुटते ती पर्यटकांची वाफेची गाडी! बाकी सगळा भार ॲडलेडला जाणाऱ्या साउथ ईस्टर्न फ्रीवे या महामार्गावर. उतारावर एखादा ट्रक बंद पडला की सगळेच अडकले. नव्या कुटुंबांना घर हवंच, त्यांना दोष देऊ नये. पण बस, शाळा, दवाखाना यांचा पैसा प्लॉट विकायच्या आधीच बाजूला काढायला लावा. गुरं चरायची ती कुरणं तर आता परत मिळणार नाहीत.