होतकरू विनोदवीरांस काही सूचना

विनोदी नट आणि जमलंच तर दिग्दर्शकही व्हायचं तुमच्या मनात असेल, तर पहिली सूचना: ऑडिशनला मित्राला सोबत नेऊ नका. हाँगकाँगचा विनोदी नट आणि दिग्दर्शक स्टीफन चाऊ याने १९८२ साली हा गाढवपणा केला. टीव्हीबी वाहिनीच्या अभिनयवर्गाला जायचं म्हणून त्याने एका मित्राला अक्षरशः ओढत नेलं. मित्राची निवड झाली, चाऊची नाही. (मित्राचं नाव टोनी लिऊंग. २००० साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक त्यालाच मिळालं, तेव्हा निवडसमितीला अगदीच नावं ठेवता येत नाहीत.) चाऊ नंतर संध्याकाळच्या वर्गात शिरला, आणि काम कोणतं मिळालं? मुलांच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन, तेही टोनीने आधी करून सोडलेलं.

त्याचं उट्टं त्याने वीस-बावीस वर्षांनी काढलं. आपल्या ‘कुंग फू हसल’ या चित्रपटासाठी नटांची निवड चालू असताना त्याची नजर गेली ती मैत्रिणीसोबत आलेल्या, तोंडात सिगारेट धरून तुच्छतेने बघत उभ्या असलेल्या एका बाईवर. त्या युएन चिऊ. चित्रपटसंन्यास घेतलेल्या बाईंच्या गळ्यात त्याने कजाग घरमालकिणीची भूमिका घातली आणि तीच सगळ्यात गाजली. म्हणजे पहिली सूचना अशी सुधारून घ्या: सोबत म्हणून जा, उमेदवार म्हणून नको.

दुसरी सूचना, लहान भूमिकेत डोकं चालवू नका. १९८३ च्या ‘कॉन्डोर हीरोज’ मालिकेत चाऊला एका सैनिकाचं काम मिळालं. काम म्हणजे काय, तर खलनायिकेने पंजा मारायचा आणि याने मरायचं. पण हा पठ्ठ्या सुचवायला गेला की पहिला वार हाताने अडवतो, दुसऱ्या वाराला मरतो. उत्तर मिळालं, तेवढा वेळ नाही. मुकाट्याने एका फटक्यात मेला बिचारा. तुम्ही असता तर घरी जाऊन विसरला असता. त्याने हा अपमान सोळा वर्षं मुरवला आणि १९९९ च्या ‘किंग ऑफ कॉमेडी’त वाढला. त्यातला नायक एक्स्ट्रा आहे, अभिनयगुरू स्तानिस्लावस्कीचं पुस्तक उशाशी ठेवतो, गोळ्या लागल्या तरी मरायला तयार होत नाही, कारण त्याच्या मते पात्राच्या मनात अजून बरंच काही चाललेलं असतं. शूटिंग खोळंबतं, शिव्या पडतात, जेवणाचा डबाही नाकारला जातो. थिएटरात लोक खो-खो हसतात. हे सगळं खरंच कोणाच्या तरी वाट्याला आलेलं होतं हे आठवलं, की हसू जरा अर्ध्यावर अडकतं. पण ते तुमचं तुम्ही बघा, तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

मधल्या यशाबद्दल फार सांगत नाही, यशातून शिकण्यासारखं नसतं. १९९२ साली हाँगकाँगच्या तिकीटबारीवरचे पहिले पाचही चित्रपट त्याचे होते, एवढं कळलं तरी पुरे.

आपटणं मात्र मन लावून शिका. १९९५ साली ‘अ चायनीज ओडिसी’ दोन भागांत आला. माकडदेव सुन वुकाँगची गोष्ट, निंगशियाच्या वाळवंटात केलेलं शूटिंग, प्रेम, काळप्रवास, आचरटपणा, सगळं एकत्र. लोकांना तो झेपला नाही, चित्रपट पडला. मग काही वर्षांनी चीनमधल्या कॉलेजच्या वसतिगृहांत त्याच्या चोरट्या व्हीसीडी फिरू लागल्या आणि पोरांनी ‘दहा हजार वर्षं’ प्रेम करण्याचा संवाद तोंडपाठ केला. तेव्हा अभिजात कलाकृती निर्माण करायची असेल तर चांगला वितरक शोधण्यात वेळ घालवू नका, चांगला चोर शोधा. ‘शाओलिन सॉकर’ने २००१ मध्ये हाँगकाँगात सहा कोटी डॉलरचा (त्यांच्या डॉलरचा) विक्रम केला, तिकडे चीनच्या मुख्य भूमीवर तो थिएटरात लागलाच नाही, तरी बघितला नाही असा माणूस मिळणं कठीण.

स्वतःच्या आवाजाचा मोह धरू नका. चाऊचे विनोद कॅन्टोनीज या हाँगकाँगच्या भाषेतल्या कोट्यांनी भरलेले, पण मँडरिन ही चीनची मुख्य भाषा बोलणाऱ्या कोट्यवधींना त्याचं म्हणून माहीत असलेलं ते खिंकाळल्यासारखं हसू तैवानचे डबिंग कलाकार शी बानयू यांचं आहे. आपल्याकडेही त्याला ओळखणारे बहुतेक जण केबलवरच्या हिंदी डबिंगातच भेटलेले. एवढ्या लोकांना हसवायचं आणि त्यातलं एकही हसू आपलं नाही, याला मोठं मन लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सेटवर विनोद करू नका. हाँगकाँगच्या पेपरांनी वर्षानुवर्षं छापलंय की हा माणूस कामाच्या वेळी चिडका, अबोल, एकेका शॉटसाठी छळणारा. जुने सोबती एकेक करून दुरावले. चित्रपटांत त्याचे काका, बॉस, गुरू अशी नाना कामं केलेले उंग मान-टाट ‘शाओलिन सॉकर’नंतर त्याच्यासोबत पडद्यावर दिसले नाहीत, २०२१ साली गेले. या जोडीतला कोण जास्त हसवायचा यावर अजून भांडणं होतात. माझं मत टाटकाकांच्या बाजूने. चाऊभक्तांनी लगेच हातघाईवर येऊ नये.

शेवटी, चेहरा विकला जातोय तोवरच तो झाकून ठेवा. २००८ च्या ‘सीजे७’नंतर चाऊ स्वतः पडद्यावर आला नाही. २०१६ मध्ये त्याने दिग्दर्शित केलेल्या ‘द मर्मेड’ने त्याच्या दर्शनाशिवाय चीनमध्ये तीनशे कोटी युआनच्या वर गल्ला जमवला. तिथेच थांबायला हवं होतं असं पंडित म्हणतात. त्याने ऐकलं नाही. २०१९ साली पुन्हा एका एक्स्ट्राचीच गोष्ट काढली, फक्त या वेळी ती बाई होती. त्याचे केस एव्हाना पांढरे झालेत आणि तो ते रंगवत नाही. तुम्ही मात्र आत्तापासून रंगवायला लागा, कारण पांढऱ्या केसांत वैराग्य दिसण्यासाठी आधी पाच हिट द्यावे लागतात, तेही एकाच वर्षात.