गप्प बसलेला माफुयू आणि तीन घाईचे निष्कर्ष

बीएल, म्हणजे बॉइज लव्ह (पुरुषांमधल्या प्रेमाच्या कथा सांगणाऱ्या) जपानी अ‍ॅनिमेबद्दल एक मत हल्ली सगळीकडे फिरतंय. नायकाच्या भूतकाळात एखादा आघात टाकायचा, त्याला गप्प बसवायचं, मग प्रियकराने येऊन त्याला बरं करायचं. आणि गप्प बसणं हा तर जपानी माणसाचा स्वभावच! ‘गिव्हन’ ही मालिका (२०१९, ११ भाग) पाहिलेल्या माणसाने हे कसं मान्य करावं?

पहिला निष्कर्ष, आघात नुसता चिकटवलेला असतो म्हणे. ‘गिव्हन’चा नायक माफुयू; त्याचा प्रियकर युकी याने आत्महत्या केली आहे. त्याआधीच्या भांडणात माफुयू त्याला विचारून बसला होता, ‘माझ्यासाठी जीव देशील का?’ एकदा बोललेल्या वाक्याची ही किंमत मोजल्यावर पोरगा तोंड उघडेल कशाला? युकीची गिटार घेऊन तो फिरतो, पण तिच्या तारा तुटलेल्या आहेत. तो ज्या बँडमध्ये गातो त्याची चाल तयार होते, तरी याला शब्द सुचत नाहीत. नवव्या भागात, थेट स्टेजवर, ते बाहेर पडतात. इथे गप्प बसणं हेच कथानक आहे. ते काढलं तर मालिकेत उरतं काय?

दुसरा, प्रियकर बरं करतो. बँडमधला गिटारवादक उएनोयामा, माफुयूच्या आयुष्यातला नवा मुलगा, तारा बदलून देतो, गिटार शिकवतो, आणि मनातल्या मनात जळतो. (अगदी सोळा-सतरा वर्षांच्या मुलासारखा.) माफुयू गातो ते युकीला उद्देशून, नवा मुलगा शेजारी उभा राहून साथ करतो. याला उपचार म्हणत असाल तर म्हणा बापडे.

आरोप अगदीच हवेतला नाही, हेही खरं. केइको ताकेमियांच्या मांगावरचा (जपानी चित्रकथेवरचा) १९८७ चा ‘काझे तो की नो उता’ बघताना त्यातल्या झिल्बेर या मुलाच्या यातना जरा जास्तच देखण्या करून मांडल्यात असं मला वाटतं. पण त्या मापाने आजचं सगळं मोजायचं?

राहिला जपानी स्वभाव. ‘साएझुरु तोरी वा हाबाताकानाई’ (२०२०) या चित्रपटातला याकुझा (जपानी गुंड टोळीतला) याशिरो लहानपणी सावत्र बापाच्या अत्याचारातून गेलेला आहे. आणि हा गृहस्थ अखंड बोलतो. चावट विनोद करतो, स्वतःच्या वासनांची जाहिरात करतो, समोरच्याला लाजवून सोडतो. शाळेपासून ज्या कागेयामावर जीव आहे, त्याला तेवढं एक सांगत नाही. याला मितभाषी म्हणणाऱ्याने पहिली दहा मिनिटंही पाहिली नसावीत.