‘गाडीचा स्पीकर डब्यात घालून विकला’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडीचा स्पीकर लाकडी डब्यात बसवून होम थिएटरचा सबवूफर (फक्त खालचे, घुमणारे सूर वाजवणारा स्पीकर) म्हणून १४,५०० रुपयांना गळ्यात मारला. आवाज नुसता भूम-भूम, संवाद कळत नाहीत, मध्येच वूफर फाटल्यासारखा फडफडतो. वूफरच्या खोक्यावर १४०० वॅट आणि अँप (ॲम्प्लिफायर) १५० वॅटचा. चालू केला की घूंऽऽ. आठ दिवसांचा वायदा आणि हातात पडायला एकोणीस दिवस. वर शेजारी दार वाजवतात ते वेगळंच.

त्यानंतर रविवारी मी ठाण्यात कोलशेतला तुमच्या घरी येऊन दोन तास बसलो, तुमच्या आईंनी चहाही दिला. रिव्ह्यू अजून तसाच आहे. असू दे, काढा म्हणून मी मागे लागणार नाही. पण तो वाचून लोक गाळ्यावर फोन करतात, "खरंच गाडीचा असतो का हो?" म्हणून उत्तर इथेच देतो.

हो, गाडीचाच असतो. तुमच्या बिलावरही "१२ इंची कार वूफर, ड्युअल कॉइल" असं स्वच्छ लिहिलंय. ठाण्याच्याच वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात मी हेच करतो, कारण बारा इंची घरगुती सबवूफर घ्यायला सगळ्यांचं बजेट नसतं. गाडीचे वूफर भरपूर खपतात म्हणून स्वस्त पडतात. कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) जड, त्याला पुढे-मागे सरकायला जागा भरपूर, आणि उन्हात तापलेल्या डिकीत टिकावा असाच बनवलेला. तुमच्याच बिलाचा हिशोब मांडतो: वूफर ५,२००, मागे बसणारा प्लेट अँप ४,३००, प्लाय-लॅमिनेट-जाळी-वायर मिळून २,१००, सुतार १,२००. उरले १,७००, ते माझे. एवढ्या पैशांत दुकानात कंपनीचाही मिळतो, हेही खरं आहे. तो बहुतेक आठ किंवा दहा इंची असतो, पण वॉरंटी कार्ड येतं आणि दिसायला माझ्या डब्यापेक्षा देखणा असतो. ज्याला ते महत्त्वाचं वाटतं त्याला मी स्वतःच तिकडे पाठवतो.

गाडीचा वूफर घरात आणताना एक गोष्ट मात्र बदलते, आणि ती मी तुम्हाला आधी सांगायला हवी होती. बंद डब्यातला वूफर एका ठरावीक सुरापासून खाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरत जातो. गाडीची केबिन असते दोन-अडीच मीटरची. साधारण ७० हर्ट्झच्या (सेकंदाला ७० कंपनं) खाली ती जवळजवळ तेवढंच वर उचलून देते, म्हणून लहानशा डब्यातूनही गाडीत दणका बसतो. तुमचा हॉल बारा फूट लांब. तिथे ही मदत सुरूच होते ४७ हर्ट्झच्या आसपास, आणि गॅलरीचं दार, खिडक्या, पॅसेज यांतून बरीचशी निघून जाते. म्हणजे घरात वूफरला डब्यावर जास्त अवलंबून राहावं लागतं.

आणि डब्यातच मी चुकलो. तुमच्या वूफरच्या कागदावर एफएस (वूफरचा स्वतःचा सूर) ३० हर्ट्झ, क्यूटीएस (त्या सुरावर तो किती घुमतो) ०.४५, व्हीएएस (त्याच्याइतकीच लवचिक हवा) ६० लिटर. या आकड्यांवरून डबा काढायचं गणित नवं नाही, इंजिनिअर थील यांनी १९६१ साली मांडलं आणि स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात पुढे नेलं, आज मोबाइलवरही होतं. मी ते केलं होतं. उत्तर आलं ४० लिटर: डब्याचा सूर ४७ हर्ट्झ, क्यू (डब्यात बसल्यावर घुमण्याचं माप) ०.७१, म्हणजे फुगवटा नाही आणि उतारही सरळ. तुम्ही म्हणालात, टीव्ही युनिट आणि भिंतीच्या मधल्या फटीतच बसला पाहिजे, आणि गॅलरीचं दार उघडायचं म्हणून बारा इंचांपेक्षा खोल नको. मी "बसवून देतो" म्हणालो. १४ बाय १४ बाय १२ चा डबा केला. १८ एमएमचा प्लाय, वूफरचा मागचा भाग आणि अँपची जागा वजा जाता आत हवा उरली २२ लिटर. सूर चढला ५८ वर, क्यू गेला ०.८७ वर. साठच्या आसपास किंचित जास्त आणि २५ हर्ट्झला सुमारे ३ डेसिबल कमी. ते ३ डेसिबल भरून काढायचे तर अँपची ताकद दुप्पट लागते. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून मी मान डोलावली. "या फटीत चांगला सबवूफर होत नाही" एवढंच म्हणायचं होतं, तोंडातून निघालं नाही.

तरी भूम-भूमचा सगळा दोष डब्यावर घालणार नाही, कारण रविवारी जे दिसलं ते तुम्हीही पाहिलंत. मोबाइलवरून ४७ हर्ट्झचा एकच सूर लावला. डबा टीव्हीकडच्या कोपऱ्यात, तुम्ही समोरच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर, आणि तुमच्या तोंडावरूनच कळत होतं की छातीवर येतंय. तुमच्या आई हॉलच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत भाजी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "अहो, लावलात का?" त्यांना खरोखरच जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. बारा फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झची बरोबर अर्धी लाट मावते. दोन्ही भिंतींपाशी ती उसळते आणि मधोमध शून्याला येते. तुम्ही उसळीवर बसला होतात, आई शून्यावर. मग लांब वायर जोडून डबा खिडकीखाली, लांब भिंतीच्या मध्यावर सरकवला. त्या जागेवरून तो सूर जागाच होत नाही. सोफ्यावर बसून तुम्ही म्हणालात, "आता बरं आहे." रिव्ह्यूत हे लिहा असं नाही, मला फक्त आठवण करून द्यायची होती.

फाटलेला वूफर म्हणालात, त्याचं पुढे काय झालं तेही सांगतो. शोकेसच्या सरकत्या काचेवर मी तळहात दाबला आणि फडफड थांबली. हात काढला की पुन्हा सुरू. काचेच्या खाचेत फेल्टची पट्टी चिकटवली, दहा रुपयांचं काम. वूफरला काहीही झालेलं नाही.

संवाद न कळण्याची चूक पूर्ण आमची. तुमच्याकडे एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज स्पीकरांना वाटून देणारा बॉक्स) नाही, त्यामुळे कुठपर्यंतचा आवाज डब्यात जाणार हे अँपमागचा क्रॉसओव्हरचा नॉब ठरवतो. डबा पोचवायला आलेल्या आमच्या पोराने तो १५० वर ठेवला आणि निघून आला. पुरुषाच्या बोलण्याचा पाया साधारण ८५ ते १५५ हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे हिरो बोलतोय टीव्हीत आणि घसा कोपऱ्यातल्या डब्यात. नॉब ८० वर आणल्यावर बातम्यांतला माणूस माणसासारखा बोलायला लागला. आता यापुढे मी गेल्याशिवाय डबा चालू करायचा नाही, असं पोराला सांगितलंय.

वॅटचं: १४०० हा आकडा खोक्यासाठी असतो. त्याच खोक्यावर बारीक अक्षरात आरएमएस ३५०, म्हणजे सलग झेपणारे वॅट. दोन-दोन ओहमच्या दोन कॉइल मी सिरीजमध्ये जोडून ४ ओहम केल्या, त्यावर अँप १५० वॅट सलग देतो. १५० आणि ३५० मधला फरक चार डेसिबलही भरत नाही. फ्लॅटमध्ये तुम्ही त्या १५० पैकी किती वापरता हे तुमच्या शेजाऱ्यांना विचारा. काही जण गाडीचाच ५०० वॅटचा अँप घरात लावून मागतात. त्याला १२ व्होल्टवर चाळीस-पन्नास अँपिअर लागतात, तेवढा सप्लाय घ्यायचा तर प्लेट अँपच स्वस्त पडतो. असो.

घूंऽऽ हा ५० हर्ट्झचा, घरच्या लाइटचाच. सेट-टॉप बॉक्समागची केबलवाल्याची काळी वायर काढली की बंद, लावली की सुरू. तीनदा करून पाहिलं. केबलचं अर्थिंग आणि घरचं अर्थिंग वेगवेगळं पडलंय, त्यासाठी त्या वायरवर आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थिंगचा जोड तोडणारा छोटा तुकडा) लागेल, तो मी घेऊन येतो. तोवर कुणी "अर्थची पिन काढून टाक" असा सल्ला दिला तर कृपा करून ऐकू नका. घूं जाईल, पण अँपच्या पत्र्यात कधी करंट उतरला तर वाचवायला काही उरणार नाही.

उशिराबद्दल बोलायला तोंड नाही. गणपतीत सुतार राजापूरला जाणार हे मला माहीत होतं, दरवर्षी जातो. तरीही मी आठ दिवस बोललो. तुम्ही चार वेळा फोन केलात आणि चारही वेळा "उद्या" ऐकलंत.

शेजाऱ्यांच्या बाबतीत कुठलाच डबा मदत करू शकत नाही, स्वस्त असो की महाग. खाली रबर घातलं तर फरशीची थरथर थोडी कमी होईल, पण एवढे खालचे सूर भिंतीतून पलीकडे जातातच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दहानंतर व्हॉल्यूमचा नॉब खाली करा, दुसरा उपाय मला येत नाही.

आता पुढचं. खिडकीखाली १६ बाय १६ बाय १५ चा डबा बसतो, मी टेप लावून पाहिलंय. त्यात मधली आडवी पट्टी धरूनही ४० लिटर हवा मिळते. लाकूड आणि सुतार माझ्याकडून, तुमचा वूफर आणि अँप तोच. प्लायच वापरणार, एमडीएफ (भुसा दाबून केलेला बोर्ड) नाही; रोज फरशी पुसताना खालच्या कडेला पाणी लागून तो फुगतो. हे नको असेल तर डबा परत द्या, पूर्ण १४,५०० परत करतो. वूफर आणि अँप मला दुसऱ्या कामात चालतात.

पहिलं हवं असेल तर वायरसाठी खिडकीपासून टीव्हीमागच्या प्लगपर्यंत भिंतीकडेने किती फूट होतात ते मोजून कळवा, दाराची चौकट वळसा घालून धरा. सुतार आता इथेच आहे.