ओल्या गाडीचे कोरडे उपाय

गाडीचं दार उघडलं की कुबट वास येतोय? घाबरू नका, आणि मुख्य म्हणजे खाली वाकू नका. वाकलात की मॅट उचलावीशी वाटेल, मॅट उचलली की कार्पेट दाबून बघावंसं वाटेल, आणि दाबलंत की पचकन आवाज होऊन बोटं ओली होतील. मग झोप उडालीच. त्यापेक्षा आरशाला लिंबाच्या वासाचं परफ्यूम टांगा. लिंबामागून येणारी बुरशी जरा उच्चभ्रू वाटते.

कार्पेट वरून कोरडं लागलं की विषय संपला. त्याखाली जाड फोम असतो, तो काही लिटर पाणी पोटात घेऊन महिनोन् महिने गप्प बसू शकतो, आणि बऱ्याच गाड्यांत वायरिंगचा जुडगा त्याच्याच शेजारून जातो. पण तो जुडगा झाकलेला आहे ना? मग झालं तर.

यथावकाश गाडी स्वतःच बोलू लागेल. खिडकीची काच मनात येईल तेव्हा खाली जाईल. मध्यरात्री लॉक खटाखट उघडतील आणि मिटतील. एक दिवस डॅशबोर्डवर एबीएस, एअरबॅग आणि स्टिअरिंग असे तिन्ही दिवे एकदम लागतील. एखादा चिकित्सक मेकॅनिक म्हणेल, ‘एकमेकांशी संबंध नसलेल्या इतक्या गोष्टी एकाच आठवड्यात कशा बिघडतील? यांचा अर्थिंगचा बोल्ट किंवा कनेक्टर कुठेतरी एक असणार. आधी तो उघडून बघू, पिनांवर हिरवा गंज आहे का.’ अशा माणसापासून लांब राहा. स्कॅनर लावून ‘मॉड्यूलशी संपर्क नाही’ (मॉड्यूल म्हणजे गाडीतला एखादा भाग चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असा कोड वाचणारा आणि लगेच नवं मॉड्यूल मागवणारा माणूस धरा. नवं मॉड्यूल जुन्याच ओल्या कोपऱ्यात बसवलं जातं, त्यामुळे पुढच्या पावसात तुमची पुन्हा भेट होते. माणसं जोडली जातात.

रोज सकाळी बॅटरी उतरलेली मिळते? नवी घ्या. धडधाकट १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज होऊन स्वस्थ पडली असेल तर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि लॉक करून झोपी गेलेली गाडी सहसा ५० मिलिअँपिअरच्या आतच प्रवाह ओढते. ओलसर कनेक्टर एखाद्या मॉड्यूलला रात्रभर जागं ठेवत असेल, तर मल्टिमीटर ते सांगतो. पण त्याआधी गाडी नीट झोपेपर्यंत थांबावं लागतं, कधी कधी अर्धा तासही. एवढ्या वेळात बॅटरी बदलूनही होते.

फ्यूज वारंवार उडत असेल तर १० अँपिअरचा काढून २० चा घाला. वायर १० च्या हिशेबाने घातलेली असते, पण ते तिचं ती बघेल. फ्यूज वाचला, आता जळायची पाळी तिची.

आता प्रत्यक्ष गळतीकडे वळू. सोनेरी नियम असा: पाणी जिथे दिसतं तिथूनच शिरतं. सनरूफच्या कडेने जाणारी बारीक नळी तुंबली की पाणी खांबातून उतरून थेट पायाशी येतं, वायपरखालच्या जाळीत कुजलेली पानं साचली की डॅशबोर्डमागून झिरपतं, मागच्या दिव्याचं रबर कडक झालं की स्टेपनीच्या खड्ड्यात तळं होतं, असल्या अफवांवर विश्वास ठेवू नका. स्पीकर बसवताना दाराच्या पॅनेलमागचं प्लॅस्टिक फाडून फेकलं असेल तर तेही विसरा. कडक उन्हात एसी चालू असताना पायाशी पाणी आलं, तरी दोष पावसालाच द्या, एसीच्या तुंबलेल्या नळीला नव्हे. ओल चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, आहे असं कुणीतरी म्हणेलच. त्याला हसा.

काही लोक कार्पेट सोलून काढतात. एकजण आत टॉर्च घेऊन आडवा होतो, दुसरा बाहेरून मंद धारेने पाणी सोडतो. सुरुवात खालून, आणि एक जागा निःशंक झाल्याशिवाय वर सरकायचं नाही. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि काहीच कळत नाही, म्हणे. किती हा कंटाळवाणा प्रकार!

तुम्ही सरळ सिलिकॉन सीलंटची ट्यूब आणा. दिसेल त्या फटीत भरा. आंबूस वास येणारं असेल तर फारच छान, ते धातूही खातं. काच, रबर, दिवे, काही सोडू नका. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला ठेवलेली बारीक भोकं दिसतील, तीही पक्की बुजवा. ब्रेक मारल्यावर दारातून डुबुक असा आवाज आला की काम चोख झालं समजा. काच वर नेणारी मोटरही त्याच दारात असते. तिला पोहता येतं की नाही, ते लवकरच कळेल.