‘सहा आठवडे दूध काढू नका’ : हा नियम सर्वांसाठी नाही

‘बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत अंगावरचं दूध काढायचं नाही,’ असा मेसेज फिरतोय. बाळ नीट ओढत असेल, वजन वाढत असेल, तर सुरुवातीला पंपाची घाई नको, एवढं बरोबर. पण बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, काचेच्या पेटीत असेल किंवा ओढतच नसेल, तर थांबणं नुकसानीचं आहे. अशा वेळी प्रसूतीनंतर पहिल्या तासातच, निदान 6 तासांच्या आत सुरुवात करावी; 24 तासांत 8 ते 10 वेळा, रात्रीसुद्धा. स्तन रिकामे होत राहिले तरच दूध वाढतं. पहिले दिवस हातानेच काढा. घट्ट चीक पंपाला चिकटून वाया जातो. थेंबभरच निघाला तरी घाबरू नका, तोही बाळाला द्या. स्तन दगडासारखे झाले असतील, तर आराम पडेपर्यंत थोडं दूध कधीही काढता येतं.